दत्तोपंत आणि दातांची तजवीज

दत्तोपंत नव्या माणसाला नमस्कार करायच्या आधी हसायला सांगायचे. "जरा हसा," एवढंच. समोरचा गोंधळून हसला की ते थोडे वाकून त्याच्या तोंडात पाहायचे, स्वतःशी मान हलवायचे, आणि मग नाव, गाव, कुणाकडचे ही चौकशी सुरू व्हायची. मी धाराशिवच्या हायस्कुलात रुजू झालो त्या दिवशी बिऱ्हाडाची किल्ली घ्यायला त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा मलाही हसावं लागलं. खांद्यावर वळकटी होती, उन्हानं जीव कासावीस झाला होता, तरी हसलो. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "खाली जरा गर्दी झालीय. पण मामला काबूत हाय. या आत."

मला वाटलं, हे दातांचे डॉक्टर असावेत. निघाले कलेक्टर कचेरीतले कारकून. जुन्या मिसली, म्हणजे फायली, सांभाळायचं काम. गाव त्यांना समोर दत्तोपंत म्हणे आणि पाठीमागं दंतोपंत. त्यांना ते ठाऊक होतं. "एका टिंबाचा तर फरक हाय," असं म्हणून ते सोडून द्यायचे.

हैदराबाद संस्थान जाऊन काही वर्षं झाली होती आणि मराठवाडा नुकताच मुंबई राज्याला जोडला गेला होता. दत्तोपंतांचं सगळं शिक्षण उर्दूत. कचेरीत आता मराठी आली होती. ते मराठी लिहायचे, पण अर्ध्या वाक्यानंतर उर्दू शब्द आपोआप उतरायचा, मग ते तो खोडायचे, मग खोडलेलाच बरा होता असं वाटून वर पुन्हा लिहायचे. गावाचं नाव उस्मानाबाद लिहावं की धाराशिव, याचाही निकाल त्यांच्याकडून लागला नव्हता. पत्त्यात दोन्ही लिहायचे.

निकाल न लागणं हा त्यांचा स्वभावच होता. त्यांच्या घराची रस्त्याकडची खिडकी अर्धी हिरवी आणि अर्धी निळी होती. रंग देताना अर्ध्यावर त्यांच्या मनात आलं की निळा बरा दिसेल. निळा अर्धा झाल्यावर वाटलं, हिरवा काय वाईट होता. रंगारी निघून गेला. मी त्या खिडकीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "फिलहाल तजवीज चालू हाय." म्हणजे विचार सुरू आहे. हे त्यांचं पालुपद. कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर, आणि ते खरंही असायचं. विचार खरोखरच सुरू असायचा. तो संपत नसे इतकंच.

घरात माणसं तीन. दत्तोपंत, त्यांची थोरली बहीण आक्का आणि आक्काची मुलगी कुसुम. आक्का फार लहान वयात विधवा होऊन, तान्ही कुसुम कडेवर घेऊन भावाकडं आली होती. तेव्हा दत्तोपंतांच्या लग्नाचं चाललं होतं. ते मागं पडलं आणि मग मागंच राहिलं. त्याचीही तजवीज चालू आहे असं ते बरीच वर्षं सांगत असत, असं आक्का म्हणायची.

कुसुम माझ्या वर्गात होती. हुशार मुलगी. पण पुस्तक वाचायला उभी केली की डाव्या हातात पुस्तक आणि उजवा हात तोंडावर. आवाज बोटांच्या फटीतून यायचा. पुढचे दात चांगलेच पुढं आलेले होते, त्यातला एक दुसऱ्यावर चढलेला. आधी ती अशी नव्हती, आक्का सांगायची. खिदळत असायची. एकदा शेजारी हळदीकुंकवाला गेली असताना कशावरून तरी हसली, तेव्हा कुणीशी बाई म्हणाली, तोंड मीट गं, दात दिसतात. त्या दिवसापासून तो हात तोंडावर गेला तो खाली आला नाही. घरात जेवतानासुद्धा ती भिंतीकडं तोंड करून बसू लागली.

दत्तोपंतांनी ते मनाला लावून घेतलं. दातांचं वेड लागलं ते तिथून. आधी त्यांना स्वतःला किती दात आहेत हेही माहीत नव्हतं. आता ते भेटेल त्याचे दात बघू लागले, कारण त्यांना कळून घ्यायचं होतं की सरळ दात मुळात किती जणांचे असतात आणि वाकडे असलेल्यांनी काय केलं. चौकशी केली की माणसं सल्ला देतात. एकाचा सल्ला दुसऱ्याशी जुळत नाही. तुळजापूरच्या वैद्यांनी सांगितलं, रोज सकाळी तिळाच्या तेलाचं बोट घेऊन दात आत दाबायचे. ओळखीच्या हकिमानं सांगितलं, दाबायचं अजिबात नाही, मुळं हलतात. नळदुर्गाकडचे एक व्यापारी कचेरीत कामाला यायचे, घरात कानडी बोलणारे. ते म्हणाले, असे दात असलेली मुलगी घरात लक्ष्मी आणते, हात लावू नका. पेठेतला सोनार म्हणाला, चांदीची तार घालून दोन दिवसांत सरळ करून देतो, बांगडी सरळ करतो तशी.

दत्तोपंतांना चौघांचंही पटलं. "मामला चारी बाजूंनी खरा दिसतोय," ते मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा त्रास दिसत होता.

सुरुवात त्यांनी तेलापासून केली. रोज सकाळी कुसुम ओट्यावर बसायची आणि मामा समोर बसून अंगठ्यानं तिचे दात दाबायचे. हकिमाचं म्हणणंही मनात असल्यामुळं फार जोर लावायचे नाहीत. त्यामुळं दात जागचे हलले नाहीत. कुसुमला मात्र तिळाच्या तेलाचा वासही नकोसा झाला. मग एक दिवस ते तिला सोनाराकडं घेऊन गेले. सोनारानं बारीक पक्कड उचलली मात्र, दत्तोपंत भाचीचा हात धरून दुकानाबाहेर पडले आणि वाटेत कुठंही न थांबता घरी आले. चपला सोनाराच्या दारातच राहिल्या होत्या. त्या मी जाऊन आणल्या.

शेवटी मीच म्हटलं, सोलापूरला मुंबईहून शिकून आलेला एक दातांचा डॉक्टर आहे, त्याला दाखवू. यावर बरेच दिवस तजवीज चालली. मग एका रविवारी आम्ही तिघं एसटीनं सोलापूरला गेलो.

डॉक्टर तरुण होता, शांत बोलणारा. त्यानं कुसुमला खुर्चीत बसवून आरशानं सगळं तोंड तपासलं आणि सांगितलं की दात सरळ होतील, वयही योग्य आहे. मार्ग दोन. एक म्हणजे प्रत्येक दाताला पत्र्याचं बारीक कडं बसवायचं आणि त्यांतून तार ओवायची. ते पक्कं बसतं, काढता येत नाही, पण त्यासाठी महिन्या-महिन्याला मुंबईला जावं लागेल. दुसरा म्हणजे प्लेट. टाळूला बसणारी, गुलाबी रंगाची, तिला पुढून एक तार. जेवताना काढायची, धुवायची, परत घालायची. ती तो स्वतः करून देऊ शकत होता. दर महिन्याला येऊन तार आवळून घ्यायची.

दत्तोपंतांना प्लेट पसंत पडली, कारण ती काढता येत होती. आयुष्यात जे काही करावं ते परत काढता यावं, अशी त्यांची एकंदर इच्छा असे.

मग डॉक्टर म्हणाला, पण दात मागं घ्यायला जागा हवी. त्यासाठी सुळ्यांच्या मागचे दोन दात, एक इकडचा आणि एक तिकडचा, आधी काढावे लागतील.

दत्तोपंत उभे राहिले. ते दात किडलेत का, त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाला, नाही. वाकडे आहेत का? नाही, उत्तम सरळ आहेत. डॉक्टरनं समजावून सांगितलं, तुमच्या एसटीत तिघांच्या बाकावर पाच जण बसले तर सगळेच तिरके बसतात. दोघं उतरले की बाकीचे सरळ होतात.

दत्तोपंतांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "पण डॉक्टरसाहेब, वाकडे बसलेत ते पुढचे. उतरायचं मात्र मागच्यानं, ज्याचा काही गुन्हा नाही त्यानं. हे कसं?"

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं.

आम्ही तसेच परत आलो. येताना तुळजापूरला गाडी थांबली तेव्हा दत्तोपंत खाली उतरले नाहीत. एरवी ते तिथल्या भज्यांसाठी उतरतच. निरपराध दातांचा प्रश्न त्यांनी पुढं कित्येक आठवडे ज्याला त्याला घातला. आमच्या हेडमास्तरांना घातला, कचेरीतल्या वकिलांना घातला, देवळात कीर्तन करायला आलेल्या बुवांनाही कीर्तन संपल्यावर गाठून घातला. वकील म्हणाले, अपील होऊ शकतं. बुवा म्हणाले, सगळी ईश्वराची इच्छा. आक्का म्हणाली, "दत्तू, पोरीचं वय तुझ्या तजविजीत निघून जाईल."

तेव्हा दत्तोपंतांनी एक निर्णय घेतला. मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळातला त्यांचा हा पहिला निर्णय, आणि तो कुणालाही न विचारता घेतलेला. ते एकटेच सोलापूरला गेले आणि डॉक्टरला म्हणाले, पहिली प्लेट मला करा. प्लेट दुखते का, रात्री झोप लागते का, श्वास कोंडतो का, हे आधी मी बघतो, मग पोरीला घाला. डॉक्टरनं सांगितलं की या वयात याची काही गरज नाही. दत्तोपंतांनी ओठ वर करून त्याला आपला एक तिरका दात दाखवला आणि म्हणाले, हा घ्या निमित्ताला. त्यांच्या दातांत मोकळी जागा होती, एकही दात काढायची गरज पडली नाही. डॉक्टरनं प्लेट करून दिली.

दुसऱ्या सोमवारी दत्तोपंत प्लेट घालून कचेरीत गेले. तोंडात टाळूला काही बसवलं की स आणि त यांचं काय होतं, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. त्या आठवड्यात नवीन डेप्युटी कलेक्टर आले होते, पुण्याकडचे. त्यांनी सास्तूरची एक मिसल मागवली. दत्तोपंत समोर जाऊन अदबीनं म्हणाले, "शाहेब, शाश्टूरची मिशल शापडट नाही."

साहेबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मराठवाड्यात ते पहिल्यांदाच आले होते. त्यांना वाटलं, इकडची बोलीच अशी असावी. भला माणूस, त्यांनी लगेच ती शिकायला घेतली. त्यांच्या हातच्या शेऱ्यांमध्ये महिनाभर 'शाष्टूर' असं नाव येत राहिलं, आणि पुढं शाळेच्या तपासणीला आले तेव्हा मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की इथली मुलं स कुठं उच्चारतात आणि कुठं नाही, याला काही नियम आहे का. मी गोंधळून म्हणालो, चौकशी करून सांगतो.

घरी वेगळाच प्रकार. पहिल्या संध्याकाळी दत्तोपंत प्लेट घालून बसले होते आणि आक्काला सांडशी मागत होते. आक्का आत जाऊन चाळणी घेऊन आली. त्यांनी परत सांगितलं, ती शेंदूर घेऊन आली. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं तेव्हा आक्का चिडून म्हणाली की तुला काय हवंय ते धड बोल नाहीतर उठून घे. ते उठले, सांडशी आणली आणि तिच्यापुढं धरून म्हणाले, "शांडशी." मी तिथंच होतो. कोपऱ्यातून एक आवाज आला आणि मी वळून बघितलं. कुसुम हसत होती. तोंड पूर्ण उघडं टाकून, दोन्ही हात पोटावर धरून हसत होती. दत्तोपंत सांडशी हातात तशीच धरून तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी गरज नसताना आणखी एकदा "शांडशी" म्हटलं.

महिन्याभरानं कुसुम स्वतःच म्हणाली, मामा, मला चालेल. दात काढायच्या दिवशी दत्तोपंत दवाखान्याच्या बाहेर उभे राहिले, आत यायला धजले नाहीत. काढलेले ते दोन दात त्यांनी डॉक्टरकडून मागून घेतले आणि रुमालात गुंडाळून घरी आणले. त्यांचं पुढं काय करायचं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी आक्कानं ते तुळशीत पुरून टाकले आणि तो विषय संपवला.

त्यानंतरचा काळ प्लेटांचा. मामा आणि भाची, दोघांच्या तोंडात प्लेट. बोलण्याचा त्रास नको म्हणून दोघं खुणांनी बोलू लागले. पाणी हवं तर एक खूण, आक्का रागावलीय याला दुसरी, मास्तर आलेत याला तिसरी. ही तिसरी खूण म्हणजे नाकावर चष्मा सावरल्यासारखं करायचं, आणि मी चष्मा वापरत होतो म्हणून मला ती कळली. बाकीच्या मला शेवटपर्यंत कळल्या नाहीत. आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझ्या नशिबी दोन मुके आलेत. दर महिन्याला सोलापूरची फेरी व्हायची. डॉक्टर तार आवळायचा, दोन दिवस कुसुमला नुसती पेज खाववायची, आणि तेव्हा दत्तोपंतही पेजच खायचे. त्यांची तार सैलच असायची.

वर्षाच्या वर काळ गेला आणि कुसुमचे दात सरळ झाले. एकदम झाले नाहीत. आम्ही रोज बघत असल्यामुळं आम्हाला कळलंही नाही. वर्गात एक दिवस मी तिला वाचायला उभी केली आणि निम्मा धडा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की पुस्तक तिच्या दोन्ही हातांत आहे.

दत्तोपंतांना वाटलं, मामला खलास. डॉक्टर म्हणाला, आता खरं काम. आता तार आवळायची नाही, पण प्लेट घालतच राहायची, आधी दिवसभर आणि पुढं फक्त रात्री, कारण सरळ झालेला दात परत आपल्या जुन्या जागी जायला बघतो.

हे ऐकून दत्तोपंत पुन्हा हैराण झाले. एवढं सगळं केल्यावर तो परत का जातो? डॉक्टरनं हाडाचं, हिरडीतल्या धाग्यांचं काय काय सांगितलं. त्यांनी विचारलं, मग प्लेट किती दिवस? डॉक्टर म्हणाला, दात जोवर सरळ हवेत तोवर. गाडीत दत्तोपंत मला म्हणाले, "मास्तर, म्हणजे ही गोष्ट संपत नाही." मी म्हटलं, तसंच दिसतंय. ते म्हणाले, "कचेरीत एक बरं हाय, मिसल बंद करता येते." त्यांनी आजवर एकही मिसल बंद केल्याचं मला आठवत नव्हतं.

कुसुम मॅट्रिक झाली आणि शिक्षिकेच्या ट्रेनिंगला औरंगाबादला गेली. दत्तोपंतांनी तिच्या ट्रंकेत प्लेटसाठी पितळेची झाकणाची डबी ठेवली. दिवाळीला ती घरी आली तेव्हा बसथांब्यावरच त्यांनी तिला म्हटलं, जरा हस. ती हसली, पण ओठ मिटून. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती आक्काशी बोलत असताना मीही पाहिलं, एक दात किंचित पुढं सरकला होता. वसतिगृहातल्या मुली प्लेटला हसायच्या. डबीला त्यांनी काहीबाही नाव ठेवलं होतं. तिनं प्लेट घालणं सोडून दिलं होतं.

मला वाटलं, दत्तोपंत आता रागावतील किंवा निदान सल्ले गोळा करायला बाहेर पडतील. तसं काही झालं नाही. ते दोन दिवस घरात इकडून तिकडं फिरत राहिले. मग ते तिला सोलापूरला घेऊन गेले. जुनी प्लेट बसत नव्हती, डॉक्टरनं नवी करून दिली. परत आल्यावर त्यांनी कपाटातून आपली प्लेट काढली. त्यांची गरज कधीच संपली होती, डॉक्टरनं तसं सांगितलंही होतं. ते तिला म्हणाले, "तिकडं तू रात्री जेवण झालं की घाल. इकडं मी घालतो. त्या पोरी हसल्या तर सांग, आमच्या घरात ही रीत हाय." कुसुम मान खाली घालून बसली होती. तिनं मान हलवली आणि नाकावर चष्मा सावरल्यासारखं केलं, म्हणजे मास्तर आलेत. मी दारात उभा होतो.

पुढच्या सुट्टीत ती आली ती बसमधून उतरतानाच हसत आली. दात जागेवर होते.

तिला परंड्याकडं सोनारीच्या शाळेत नोकरी लागली. तिथल्याच एका शिक्षकानं मागणी घातली. मुलगा घरी आला तेव्हा आक्कानं दत्तोपंतांना बजावलं होतं की हसायला सांगायचं नाही. त्यांनी कबूलही केलं होतं. पण पोहे आले, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि दत्तोपंतांना राहवलं नाही. "जरा हसा," ते म्हणाले. मुलगा मोकळा माणूस होता, तो जोरात हसला.

त्याचे पुढचे दात सगळे बाहेर होते. कुसुमचे पूर्वी होते त्याच्या दीडपट.

दत्तोपंतांनी माझ्याकडं बघितलं, मग आक्काकडं, मग त्या मुलाच्या दातांकडं परत एकदा. तो आपला हसतच होता, त्याला वाटलं काहीतरी गंमत चाललीय. पाहुणे गेल्यावर दत्तोपंतांनी कुसुमला हळूच विचारलं की तुला हा पसंत आहे का, आणि असला तर मग आपण इतकी वर्षं हे सगळं कशासाठी केलं. तिनं सांगितलं, हा माणूस हसताना तोंडावर हात ठेवत नाही. मला ते आवडलं. दत्तोपंतांनी यावर विचार केला. त्यांना ते पटलं, पण त्यातून त्यांचा आधीचा प्रश्न सुटत नव्हता, आणि लग्नाच्या मांडवातही ते मला दोनदा म्हणाले, "मास्तर, हा मामला माझ्या ध्यानात येत नाही." लग्न मात्र छान झालं. मुलीकडचे आणि मुलाकडचे सगळे भरपूर हसले.

नंतर माझी बदली तुळजापूरला झाली. येणंजाणं कमी झालं. कुसुमला मूल झालं हे कळलं. आक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी जाऊन आलो, पण घर माणसांनी भरलेलं होतं आणि दत्तोपंतांशी नीट बोलणं झालं नाही. ते सगळ्यांना चहा हवा का विचारत फिरत होते आणि कुणी हो म्हटलं की आत जाऊन विसरत होते.

पुढं काही महिन्यांनी एका रविवारी कामासाठी धाराशिवला गेलो होतो. दुपारी त्यांच्याकडं गेलो. दार उघडंच होतं. दत्तोपंत खिडकीपाशी नुसते बसले होते, हातात काही नव्हतं. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. ते उठले आणि काहीतरी बोलले, पण मला एक अक्षर कळलं नाही. मग त्यांनी हात वर करून थांबा अशी खूण केली, तोंडातून प्लेट काढली आणि पाण्याच्या वाटीत ठेवली.

मी विचारलं, भर दुपारी कशी काय प्लेट? ती तर रात्री घालायची ना? कुसुमशी ठरलं होतं तेही रात्रीचंच.

ते म्हणाले, "ती रात्री घालते. पत्रात लिहिते तसं. मी दिवसाही घालतो."

मी म्हटलं, दात हलतोय का?

"दातांचं काही नाही." त्यांनी वाटी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाले, "आक्का गेल्यापासून घरात कुणी नाही. तोंड मोकळं असलं की वाटतं, आता कुणाशी तरी बोलायला पायजे. बोलायला कोण हाय इथं? प्लेट घातली की वाटतं, प्लेट हाय म्हणून गप्प बसलोय. बरं वाटतं तेवढंच."

हे त्यांनी तक्रारीसारखं सांगितलं नाही. कचेरीतली एखादी सोय सांगावी तसं सांगितलं.

त्यांनी वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं की घालू का परत, का राहू दे. मी म्हटलं, मी आहे तोवर राहू द्या बाहेर. ते आत गेले, या वेळी न विसरता चहा करून घेऊन आले आणि बोलायला लागले. सोनारीच्या भैरवनाथाच्या जत्रेत कुसुमच्या मुलानं काय मागितलं, जावई वर्गात हसला की सगळी शाळा कशी हसते, नवे तहसीलदार कसे आहेत, आक्काच्या हातच्या आमटीत नक्की काय पडायचं जे त्यांना काही केल्या जमत नाही. एक गोष्ट अर्धी सोडून दुसरी, दुसरी सोडून पहिली. मला बरंचसं नीट समजलंही नाही. मी हं हं करत राहिलो.

बसची वेळ झाली म्हणून मी उठलो. तेही उठले. मी चपला घालत असताना ते वाटी हातात घेऊन दारापर्यंत आले. पुन्हा या म्हणाले, सावकाश जा म्हणाले, गाडी कुठली, जागा मिळेल का, हेही विचारलं. मग बोलायचं संपलं तेव्हा त्यांनी दोन बोटं पाण्यात घालून प्लेट उचलली आणि तशीच धरून उभे राहिले, मी वळायची वाट बघत.

मागून आणखी एक गाडी होती. मी चपला परत काढल्या आणि आत जाऊन बसलो.